कोंबड्यांच्या खुराड्यातले दोन ठोके

भुताखेतांच्या या ऑनलाइन पानावरचे तुमच्या सगळ्यांचे अनुभव मी रोज दुपारी चहाबरोबर वाचते आणि — राग मानू नका — हसते. कुणाला घाटात पांढरी बाई दिसते, कुणाच्या गादीवर कुणीतरी येऊन बसतं... मला या गोष्टींची भीती कधी वाटलीच नाही. उलट लग्न होऊन कामशेतला आले तेव्हा शेजारच्या चिंचेवर 'काहीतरी आहे' असं ऐकल्याबरोबर मीच माझा पांढरा परकर त्या चिंचेला टांगला होता. आळीतल्या बायका त्या वाटेने फिरकेनात. शेवटी सासूबाईंनी परकराची नाडी ओळखली आणि भूत काठीने खाली काढून माझ्या अंगावर फेकलं. म्हणजे भुताशी माझी ओळख आहे, पण ती बनवणाऱ्याच्या बाजूने. म्हणूनच हे लिहायला इतके महिने घेतले.

आधी एक वस्तू समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या अंगणात, पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, पत्र्याच्या शेडखाली एक ट्रेलर उभा आहे. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, चाकांवरची खोली. गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा आणि एक खिडकी. ही खोली आमच्या यांनी स्वतःच्या हाताने बांधली. हे पिंपरीकडे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होते. एकदा खंडाळ्याला रस्त्याकडेला एक परदेशी जोडपं असला ट्रेलर घेऊन थांबलेलं यांनी पाहिलं. ते दोघं बिचारे चहा पीत होते आणि हा माणूस सुतळी घेऊन त्यांच्या घराभोवती फिरत, गाठी मारून मापं घेत होता! त्यांना आधी चोर वाटला. मग त्यांनी बिस्किटं दिली.

त्या सुतळीवरून ट्रेलर झाला. पुढच्या हिवाळ्यात आमच्या जुन्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसवायला त्याच पत्र्याचा हूड झाला — म्हणजे झाकण म्हणा, टप म्हणा. तेच गोलसर कोपरे, बाजूला त्याच तीन आडव्या पन्हळ्या. पुढे हूडवाली पिकअप, मागे ट्रेलर. रस्त्यावरून निघालो की हत्तीण आणि पिल्लू निघाल्यासारखं वाटायचं. अलिबाग, गणपतीपुळे, एकदा गोवासुद्धा.

आता ठोक्यांचं सांगते. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने, म्हणजे जाड बोथट खिळ्याने, जोडतात, आणि ते काम एकट्याने होत नाही. बाहेरचा माणूस रिव्हेटच्या डोक्यावर हातोडी मारतो, आतल्या माणसाने तिच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे शेपूट चपटी होऊन रिव्हेट घट्ट बसते. बाहेरचे हे. आतली मी. वय एकोणीस, डोक्यात हवा भरलेली. मैत्रिणी लग्नानंतर महाबळेश्वरला जाऊन आलेल्या आणि मी उन्हात तापलेल्या डब्यात बसलेली! तरी बाईसाहेब आत शिरण्याआधी तोंडाला पावडर लावायच्या. कोण बघणार होतं? हातात डझनभर बांगड्या, त्या पत्र्यावर घासायच्या, चरे पडायचे, पण काढायच्या नाहीत. नवी नवरी ना! आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक टपली मारीन.

सासूबाई ओसरीवर बसलेल्या. त्यांच्यासमोर नवऱ्याशी मोठ्याने बोलायचं म्हणजे निर्लज्जपणा, आणि नाव घेऊन हाक मारायचा तर प्रश्नच नाही. मग पत्र्यातून बोलायचं कसं? ठोक्यांनी. रिव्हेट नीट बसली की मी आतून बोटाच्या पेराने एक ठोका द्यायचा — बसली. नसली तर दोन — नाही बसली, परत मार. पण मला कंटाळा यायचा, घाम यायचा, पावडर ओघळायची... मी पटापट एक-एक ठोका देत सुटायचे. बाहेर हे अंगठ्याने चाचपायचे, आणि मग बाहेरून यायचे ते दोन ठोके. ठक-ठक. घाई नाही, राग नाही. नाही बसली. मी आतून पुटपुटायचे, "बसलीये की!" पुन्हा ठक-ठक. या माणसाने उभ्या जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही, पण एक रिव्हेट काही सोडली नाही.

पुढे यांची नजर कमी झाली. पिकअप विकली, तिच्याबरोबर हूडही गेला. ट्रेलर राहिला. मग हेही गेले.

मुलगा प्रशांत वाकडला असतो. रविवारी येतो, फ्रिज उघडून बघतो, औषधांच्या पट्ट्या बघतो, आणि "सगळं ठीक ना?" विचारतो. मी म्हणते, ठीक. मी मीठ जास्त घातलं तरी म्हणतो, "छान झालंय आई." मी म्हटलं आज बुधवार, तर म्हणतो, "हो आई." रविवार असतो! म्हातारं झालं की सगळे तुमच्याशी सहमत होतात. एकटेपण म्हणजे काय हे मला त्या 'हो आई'ने शिकवलं. रिकामं घर काही इतकं वाईट नसतं, त्यात निदान पाल तरी चुकचुकते.

मागच्या वर्षी प्रशांतने विषय काढला. पवनेच्या काठावर तंबू भाड्याने देणारा एकजण ट्रेलर मागत होता. मधोमध कापून त्याचा कॉफीचा काउंटर करणार म्हणे.

"देऊन टाकू," प्रशांत म्हणाला, "आणि तू चल आता वाकडला. किती दिवस एकटी राहणार?"

"ट्रेलर एकटा देणार नाही. त्याची जोडी आहे."

"आई, तो हूड केव्हाच भंगारात वितळला असेल. त्याची पातेली झाली असतील."

"मग लाव पैज. हूड मिळाला तर मी आणि ट्रेलर इथेच. दिवाळीपर्यंत नाही मिळाला, तर मी गुपचूप तुझ्या गाडीत बसते."

"गुपचूप?"

"गुपचूप. भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणणार नाही."

पोराने लगेच हात पुढे केला. जिंकलोच म्हणून हसत गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वाकडला मला काय कमी पडणार होतं? काहीच नाही. अकराव्या मजल्यावरची स्वच्छ खोली, स्वतंत्र टीव्ही. पण तिथे 'हो आई' रविवारपुरतं नसणार, रोज असणार.

शोध सुरू केला. ट्रेलरचे फोटो काढून मावळातल्या दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकले — 'असेच गोल कोपरे आणि अशाच तीन पन्हळ्या असलेलं पिकअपचं झाकण कुठे दिसलं का?' उत्तरं बघा... एकाने विचारलं, आजी, यात भात शिजतो का. एकाने हात जोडलेले पाठवले. लोणावळ्याला एका चिक्कीच्या दुकानामागे आहे असं कळलं म्हणून गेले, तर ते स्टीलचं कपाट निघालं. भुशीच्या रस्त्यावर कणसंवाल्याच्या गाडीवर आहे म्हणून भर पावसात गेले. चंदेरी रंग मारलेला साधा पत्रा! तिथे धरणाकडे निघालेली चार जोडपी मला म्हणाली, "आजी, आमचा एक फोटो काढा ना." काढला. नेमकी सगळ्यांची मुंडकी कापली आणि फोन परत दिला. "थँक्यू आजी!" म्हणून गेले. न बघताच. मग मी त्या गर्दीत एकटीच कणीस खात उभी राहिले.

गणपती उठले. दिवाळी जवळ यायला लागली. प्रशांतने माझ्यासाठी खोलीचे पडदे घेतल्याचा फोटो पाठवला. आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. बेगडेवाडी स्टेशनपासून थोडं आत, शेताच्या कडेला, विटांवर ठेवलेला एक मळका डबा, आणि त्याच्या दारात कोंबड्या. पन्हळ्या तीन.

सकाळची लोकल पकडली. कुणाला सांगितलं नाही. पितृपक्ष नव्हता, अमावास्या नव्हती — मी घरी येऊन कालनिर्णय बघितलंय. पाऊस उघडलेला, आभाळ भरलेलं, ऊन अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्यातले हुशार लोक लगेच म्हणणार की पत्रा उन्हाने तापून वाजतो.

शेत एका हौसाबाईंचं. माझ्याच वयाच्या, एकट्याच राहणाऱ्या, डोक्यावर पदर आणि हातात विळा. मी आपली शहाण्यासारखी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"म्हंजी तुजा नवरा गेला, आन तू त्येचं झाकाण हुडकत फिरतीस?"

"व्हय," मी म्हटलं. त्यांच्यापुढे माझी भाषापण सुटली.

"माझा बी गेला. त्येनंच आणलं हे, चिंचवडच्या भंगारातनं. मी लय वराडले हुते, ह्यो डबा कशाला म्हून. आता कोंबड्या लय खूश हायेत."

"मला आत जाऊन बघू द्या फक्त. आमचाच आहे का ते कळेल."

"बग की. पर वाकून जा, न्हाईतर म्हाताऱ्या कंबरंचं खापार माज्यावर फुटायचं. मी च्या टाकते."

कोंबड्यांना हुसकावलं आणि गुडघ्यांवर आत शिरले. पंचाहत्तरीला टेकलेली बाई खुराड्यात रांगतेय — प्रशांतने बघितलं असतं तर त्याच क्षणी उचलून वाकडला नेलं असतं. आत काळोख नव्हता. बाजूच्या खिडकीची काच केव्हाच गेलेली, तिथून उजेड येत होता. पत्र्यावर आतून चुना फासलेला, त्यावर धूळ, त्यावर बाकीचं काय ते तुम्ही समजून घ्या. मी मागच्या दाराच्या वर हात फिरवला. तिथे एक ओळ असायला हवी होती, सरळ नसलेली. कारण ती ओळ मारताना मला उचकी लागली होती. हे म्हणायचे, "तुझी उचकी आता कायमची छापली गेली."

बोटांना लागली. वर-खाली, वर-खाली, आणि मग सरळ. माझी उचकी!

रडले नाही. हसले. खुराड्यात बसून एकटीच हसले. मग त्या ओळीवरून बोटं फिरवत फिरवत कोपऱ्यापर्यंत गेले, आणि शेवटच्या रिव्हेटवर, काही विचार न करता, सवयीने... इतक्या वर्षांनी कसली सवय म्हणा! पण बोटाच्या पेराने एक ठोका दिला. बसली.

आणि बाहेरून दोन ठोके आले.

ठक-ठक.

माझ्या बोटाखालीच. पत्र्याची थरथर पेराला लागली. आणि मी काय केलं असेल? किंचाळले नाही, देवाचं नाव घेतलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "बसलीये की!" — त्याच सुरात, त्याच एकोणीस वर्षांच्या आगाऊ मुलीच्या सुरात.

ठक-ठक.

तेव्हा मी नखाने चुना खरवडला. रिव्हेट गरकन फिरली. शेपूट चपटलेलीच नव्हती. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी, ही एकच सैल. पहिल्यापासून तशी की नंतर झाली, कोण सांगणार.

खिडकीतून डोकं काढून बघितलं. समोर घराच्या उघड्या दारातून हौसाबाई दिसत होत्या, चुलीपाशी, पाठमोऱ्या. गाळणं शोधत होत्या. रस्त्यावर माणूस नाही. कोंबड्या पार पलीकडे उकिरड्यावर. बाहेर येऊन त्या कोपऱ्याकडे गेले, तर जाताच येईना. मुंगूस येऊ नये म्हणून त्या अख्ख्या बाजूला बाभळीच्या काटेरी फांद्या रचलेल्या, पत्र्याला भिडवून, माझ्या छातीइतक्या उंच. त्यातून हात घालून ठोका मारायचा तर हात सोलून निघाला असता.

मी पुन्हा आत गेले. हो, गेले! दुसरी कुणी असती तर पळाली असती. एक ठोका दिला. थांबले. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. मग दुसऱ्या रिव्हेटवर, तिसऱ्या रिव्हेटवर... शेवटी मी हलकेच, त्या पत्र्याला तोंड लावून, यांना नावाने हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. हे असताना कधी मारली नव्हती.

काही नाही. कोंबड्या परत येऊन दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

"अगं ए बाई! च्या निवला की," हौसाबाईंची हाक आली. मी बाहेर आले तशा त्या मला खालून वर निरखायला लागल्या. "कुनाशी बोलत हुतीस?"

"तुम्ही काय ऐकलंत?"

"तूच ठोकत हुतीस न्हवं? ठकाठक, ठकाठक. म्या म्हटलं ही आता माजा डबा मोडती."

"मी एकेकच ठोका दिला, हौसाबाई. ते दोन-दोन..."

त्यांनी बशीत चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातनं गळतंय. बाकी कुटं थेंब न्हाई, तितंच गळतंय."

मी त्या कोपऱ्याचं नावही काढलं नव्हतं.

"तुम्हाला कधी असं काही ऐकू आलं?"

"मला कुटलं यायला?" त्या म्हणाल्या. "माजा ठोकत नव्हता. माजा नुस्ता खोकायचा." आणि मग दोघी इतक्या हसलो की चहा सांडला. हसणं थांबल्यावर मात्र दोघींना एकमेकींकडे बघवेना.

हूड द्यायला त्या तयार झाल्या, पण अट घातली — कोंबड्यांना दुसरं घर मिळालं पाहिजे. मी म्हटलं, माझा मुलगा बांधून देईल. प्रशांत कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, त्याने आयुष्यात खिळा मारलेला नाही. पुढच्या रविवारी त्याला जाळी आणि पत्रा घेऊन बेगडेवाडीला उभं केलं. हौसाबाई त्याच्या डोक्यावर उभ्या राहून सांगत होत्या, "आरं, दार आत उघडतंय व्हय? कोंबडीनं काय कडी काडायची?" पोराचे दोन्ही अंगठे सुजले. पैज हरल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

टेम्पोतून हूड कामशेतला आला. धुतला, चुना काढला, ट्रेलरच्या शेजारी विटांवर ठेवला. कोपऱ्याला कोपरा, पन्हळीला पन्हळ. प्रशांत लांब उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाबांना आवडलं असतं." त्याने पडदे परत केले. निदान तसं सांगितलं तरी.

तुम्ही म्हणाल, ऊन नव्हतं, मग कावळा असेल. कावळा टोचतो, ठोकत नाही, आणि लागोपाठ दोनदा तेच उत्तर देत नाही. म्हणाल, म्हाताऱ्या बाईचे कान. कान माझे खरंच गेलेत, पण तो आवाज मी कानाने ऐकण्याआधी बोटाने ऐकला. म्हणाल, मनाचे खेळ. असतील. मग ती रिव्हेट सैल आहे हे माझ्या मनाला चुन्यातून कसं दिसलं? मी सगळे उपाय करून बसलेय. हूडमध्ये सकाळी बसून बघितलं, दुपारी बसून बघितलं, थंडीत, उन्हात. एक ठोका द्यायचा आणि थांबायचं. पावडर लावूनसुद्धा बसले एकदा, आता हसा! एकदाही उत्तर आलं नाही. परत कधीच नाही. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही.

प्रशांतला यातलं काही सांगितलेलं नाही. तो हे पान वाचत नाही. परवा मात्र पाऊस जवळ आला म्हणून त्याने हूडला वरून पाणी मारून बघितलं. कोपऱ्यातून धार लागली. लगेच पिशवीतून कसलंसं पिस्तुलासारखं यंत्र काढलं. कोंबड्यांच्या घरासाठी घेतलेलं.

"एक पॉप रिव्हेट मारतो आई. एका मिनिटाचं काम. आत कुणी धरायलापण लागत नाही."

"हात लावू नकोस."

"अगं, पण ती बसलेलीच नाहीये!"

कितीतरी वर्षांनी पोराने मला 'हो आई' म्हटलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "नाहीच बसली ती."

यंत्र पिशवीत ठेवायला लावलं. कोपऱ्याखाली एक पातेलं ठेवलंय, ते भरलं की मी ओतून येते.